ओम्नीचे उतरलेले दार

२०२४ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. आईला गुडघ्याच्या तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचे होते. सकाळपासून भुरभुर पाऊस चालू होता. सातपूरच्या आमच्या वसाहतीतून ओम्नी काढली. आई पुढे माझ्या शेजारी, वहिनी मागे. त्र्यंबक रस्त्याला लागण्यापूर्वी एक उजवे वळण आहे. तिथे गाडी वळवली आणि आईच्या बाजूचे दार खट्‌कन उघडले. पूर्ण नाही, वीतभर. पट्टा बांधलेला होता म्हणून आई जागची हलली नाही, पण तिच्या मांडीवरची पिशवी घसरून रस्त्यावर पडली. दोन वर्षांचे तपासणीचे कागद चिखलात गेले.

गाडी बाजूला घेतली. मी आणि वहिनीने कागद गोळा केले, रुमालाने पुसले. आई काही बोलली नाही. दवाखाना झाला, परत आलो. घराच्या उंबऱ्यावर टेकल्यावर ती म्हणाली, "माझ्यामुळंच मोडलं ना रे ते दार? आता मला नको नेऊ बाबा त्यात."

त्यानंतर व्यायामाच्या दोन तारखा तिने चुकवल्या. रविवारी विहारात यायची, तेही बंद केले. रिक्षा करू म्हटले तर म्हणे, कशाला पैसे घालवता, माझा गुडघा आता काय सरळ व्हायचाय. खरे कारण तिला सांगायचे नव्हते आणि मला ते ठाऊक होते. त्या दारावर आतून मी एक कागद चिकटवला होता. लाल शाईने, ठळक अक्षरात: 'दारास धरून चढू नये.' कचेरीत बसून बसून माणसाला सूचना लावायची सवय लागते. जिन्यावर थुंकू नये, रांगेत उभे राहावे, तशीच ही एक. आणि आईला वाचता येते. मी सातवीत असताना पाटीवर 'ग' आणि 'म' गिरवायला मीच तिला बसवले होते. पुढे ती दुकानांच्या पाट्या वाचू लागली तेव्हा सगळ्या चाळीला सांगत सुटलो होतो. त्याच आईने माझी ती लाल सूचना रोज वाचली.

ही सगळी हकिकत लिहायचे कारण एवढेच, की दार दुरुस्त करायला बसलो तेव्हा माझा हिशेब चुकलेला निघाला. तो कसा चुकला ते सांगतो. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे त्यांना दुरुस्तीचाही थोडा उपयोग होईल.

गाडी आमच्या दादाची. २००८ चे मॉडेल, त्याने २०१४ साली जुनी घेतली. तो वायरमन होता, शिडी आणि वायरची भेंडोळी मागे टाकून गावभर फिरायचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत तो गेला. गाडी विकायचे दोनदा बोलणे झाले. वहिनीचे मन होईना आणि जी किंमत येत होती त्यात कोणाचे काही भागणार नव्हते. म्हणून राहिली. २०२३ साली तिला पंधरा वर्षे झाली तेव्हा फेरनोंदणी करून घेतली. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क सहाशेचे पाच हजार झाले आहे. त्या दिवशी घरात थोडी कुरकुर झाली. पण वस्तीत रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले की दार आमचेच वाजते, हेही खरे.

ओम्नी कोणाला ओळखून सांगायला नको. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ साली ओम्नी झाली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. मधली दारे सरकती आहेत. पुढची दोन मात्र बिजागऱ्यांवर उघडणारी. इंजिन पुढच्या सीटखाली आणि सीट चाकाच्या वर. त्यामुळे साध्या मोटारीत माणूस 'बसतो', तसे ओम्नीत बसता येत नाही. तिच्यात चढावे लागते. आणि चढताना माणूस काहीतरी धरतो. हाताला पहिले काय लागते? उघडे दार.

आमचे डावे दार २०२३ च्या पावसाळ्यात खाली उतरायला लागले. आधी लावताना थोडे उचलावे लागे. मग जोरात आपटावे लागे. मग खळखळ. गॅरेजवाल्याकडे नेले. त्याने पाच मिनिटांत दाराच्या कुलपाची खांबावरची खुंटी दोन स्क्रू सैल करून खाली सरकवली, स्क्रू आवळले आणि तीनशे रुपये घेतले. दार लागायला लागले. जाताना म्हणाला, "साहेब, म्हातारी माणसं दाराला लोंबकळतात, त्यानं होतं हे." घरी येऊन मी लाल शाईचे पेन शोधले.

गॅरेजवाल्याने खोटे सांगितले नव्हते, पण अर्धेच सांगितले. दार जिथून उतरले होते तिथे त्याने हातच लावला नाही. दार खाली आले म्हणून खुंटीही खाली नेली. उद्या दार आणखी उतरले की खुंटी आणखी खाली. शेवटी खुंटी सरकवायला जागा उरत नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. दाराच्या कुलपाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात दार नुसते अडकते, दुसऱ्यात पक्के बसते. दार उतरलेले असले की कुलूप खुंटीवर नीट समोरून न येता तिरके घासत चढते आणि पुष्कळदा पहिल्याच टप्प्यावर थांबते. बाहेरून पाहणाऱ्याला दार लागलेलेच दिसते. जुलैमध्ये तेच झाले होते. आईने त्या दिवशी दार धरलेही नव्हते. कागद लावल्यापासून ती धरतच नव्हती. वहिनी मागून आधार द्यायची आणि आई दोन्ही हात सीटवर टेकून, गुडघा घासत वर जायची.

हे मला त्या रविवारी कळले, ज्या रविवारी मी पहिल्यांदा दाराकडे नीट पाहिले.

पाहायची पद्धत सोपी आहे. दार थोडे उघडायचे. एकाने दाराचे बाहेरचे टोक दोन्ही हातांनी धरून हळूच वर-खाली करायचे आणि दुसऱ्याने बिजागऱ्यांपाशी डोळा लावायचा. पिन भोकात हलताना दिसली तर पिन झिजली आहे. बिजागरीचे पानच खांबावर हलत असेल तर बोल्ट सैल आहेत. आणि पानासकट खांबाचा पत्रा हलत असेल, तर हात जोडायचे आणि पत्र्याचे काम जाणणाऱ्याकडे जायचे, कारण आत गंजाने पत्रा खाल्लेला असतो किंवा तो तडकलेला असतो. स्क्रूड्रायव्हरचे टोक बिजागरीभोवती टोचून पाहावे. टोक आत गेले तर ते काम घरचे नाही. आमचा पत्रा देवळालीच्या तोफेसारखा निघाला. धाकटी नववीत आहे, तिने दार हलवले, मी पाहिले. वरच्या बिजागरीत पिन चांगली दीड मिलिमीटर पुढे-मागे होत होती. खालची त्या मानाने बरी होती.

मग दार लावून कडा पाहिल्या. उजव्या चांगल्या दाराशी ताडून पाहता डाव्या दाराचे कुलपाकडचे टोक सहा मिलिमीटर खाली होते. धाकटीने विचारले, "पप्पा, वर दीडच मिलिमीटर हलतंय, मग इथं सहा कसं?"

मी वाणिज्य शाखेचा माणूस. यंत्रातले मला फारसे कळत नाही, पण त्रैराशिक कळते. टेप घेऊन मोजले. दोन बिजागऱ्यांमधले अंतर २८ सेंटिमीटर. बिजागरीपासून दाराच्या टोकापर्यंत ८४. म्हणजे तिप्पट. वर एक मिलिमीटरचा झोल आला की टोकाला दार तीन मिलिमीटर खाली येते. दीडचे साडेचार झाले. उरलेले दीड खालच्या बिजागरीचे. हिशेब जुळला. पतसंस्थेत ताळेबंद जुळल्यावर होतो तेवढाच आनंद मला झाला.

पण हाच हिशेब उलटही चालतो. दाराच्या टोकाला कोणी २० किलोचा भार टाकला, तर वरच्या बिजागरीवर ६० किलोचा ओढा पडतो. वरची बिजागरी दाराला खांबाकडे ओढून धरत असते आणि खालची दाराला खांबापासून रेटून धरत असते. म्हणून बहुधा वरचीच आधी झिजते. गुडघे दुखणारे माणूस चढताना किती भार टाकत असेल? आईच काय, ओम्नीच्या पुढच्या सीटवर चढणारा प्रत्येक जण दार धरत होता. दादा शिडी बांधायचा तेव्हा याच दारावर पाय देऊन उभा राहायचा, हे मला नंतर आठवले. मीही टपावरची सतरंजी काढताना राहिलो आहे. पण कागद लागला तो आईच्या दारावर, आणि आईने तो आपल्यासाठी आहे असेच वाचले.

आता कामाचे.

आमचे आबा अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांची हत्यारांची पत्र्याची पेटी माळ्यावर पडून होती. आबांनी मला कधी पाना हातात घेऊ दिला नाही. दादाला दिला, मला नाही. मी पुस्तक ठेवून त्यांच्याजवळ गेलो की म्हणायचे, "तू वर जा, अभ्यास कर, इथं तेल लागतं." त्यामुळे मी बी.कॉम. झालो, आणि चाळिशी उलटेपर्यंत बोल्ट कुठल्या बाजूला सैल होतो याचा मला दोनदा विचार करावा लागे. पेटी उघडली तर पाने जुन्या धोतराच्या फडक्यात ग्रीस लावून गुंडाळलेले होते. आबा जाऊन पंधरा वर्षे झाली, एका पान्याला गंज नव्हता.

गाडी सपाट जागेवर उभी केली, हातब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या. बिजागरीच्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते. ही एक गोष्ट कोणी विसरू नये. घाई करून कोरडा बोल्ट ओढला की डोके झिजते आणि मग तो निघता निघत नाही. आधी किंचित आवळायचा, म्हणजे गंजाची पकड सुटते, आणि मग सोडायचा. हे मला दादाच्या मित्राने फोनवर सांगितले.

बोल्ट सोडण्यापूर्वी बिजागरीच्या पानाभोवती खिळ्याने बारीक रेघ ओढून घेतली. म्हणजे परत बसवताना ती नेमकी कुठे होती ते कळते. दाराखाली गाडीचाच जॅक ठेवला, त्यावर लाकडी फळी, फळीवर गोणपाट. जॅकने दार उचलायचे नाही, नुसता आधार द्यायचा. काही लोक या जागी शॉर्टकट मारतात. जॅकने दार वर रेटून बिजागरी वाकवतात, किंवा बिजागरीत लाकडाचा तुकडा घालून दार दाबतात. त्याने दार वर येते, पण पिन झिजलेलीच राहते आणि खांबाचा पत्रा वाकतो. बिजागरी नवी मिळेल, खांब कुठून आणणार?

दोन्ही बिजागऱ्या एकदम सोडायच्या नाहीत. एक जागेवर ठेवायची, म्हणजे दार आपली जागा विसरत नाही. दार जास्त उघडू नये म्हणून खांबाला एक पट्टी जोडलेली असते, ती मोकळी केली. मग वरच्या बिजागरीचे बोल्ट. पहिले तीन निघाले. चौथा निघेना. पाना घसरला आणि माझी बोटे दाराच्या पत्र्यावर सोलली. आत जाऊन हळद लावली. आई खिडकीतून पाहत होती. म्हणाली, "आबांची ती लांब नळी बघ पेटीत. ते पान्याच्या मागं लावायचे." नळी होती. पान्याच्या दांड्याला लावली, लांबी दुप्पट झाली, बोल्ट किंचाळत सुटला. लांबीचा हिशेब दोन तासांपूर्वी मीच मुलीला शिकवला होता आणि स्वतः आखूड पाना घेऊन बसलो होतो!

बिजागरी हातात घेऊन अंबडला गेलो. वसाहतीतले एक मामा तिथल्या एका छोट्या लेथवर काम करतात. मूळ पिन दोन्ही टोकांना ठोकून बसवलेली होती. त्यांनी टोक घासून ती बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मधोमध एका बाजूने खाल्लेली, उसाच्या चोखलेल्या कांड्यासारखी. भोकही गोल राहिले नव्हते, लांबट झाले होते. अशा वेळी नुसती नवी पिन घालून उपयोग नाही, ती लांबट भोकात हलतच राहते. मामांनी भोक मोठे करून गोल केले, त्यात पितळी बुश ठोकून बसवला, बुशाच्या मापाची लोखंडी पिन कातली. पितळ मऊ, लोखंड कडक. पुढे झीज होईल ती बुशाची, आणि बुश पुन्हा बदलता येतो. बाजारात तयार बिजागरीही मिळते. जिथे लेथवाला ओळखीचा नाही तिथे तीच आणावी. मामांनी अडीचशे रुपये सांगितले, मग दोनशे घेतले, आणि वर म्हणाले, "तुझ्या आबानं मला मायक्रोमीटर वाचायला शिकवला. चहा पाजून जा नुसता." चहा पाजला.

परत येऊन ग्रीस भरून बिजागरी बसवली. बोल्ट आधी हातानेच, रेघांवर पान आणून, मग थोडे थोडे आळीपाळीने आवळले. दार लावले तर टोक अजून दीड मिलिमीटर खाली होते. हे अपेक्षितच होते, ती खालच्या बिजागरीची बाकी. खालची त्या दिवशी काढायला अंगात बळ नव्हते. मग तिचे बोल्ट थोडे सैल करून पानाच्या आणि खांबाच्या मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याची पट्टी सरकवली. पट्टी तुपाच्या डब्याच्या झाकणाची. खालची बाजू अर्धा मिलिमीटर बाहेर सरकली की टोक दीड मिलिमीटर वर येते. तिप्पट. धाकटीने हे मी सांगण्याआधी सांगितले.

एक मोठी चूक मात्र होता होता राहिली. दार आता वर आले, पण गॅरेजवाल्याने खाली सरकवलेली खुंटी तिथेच होती. दार लावले तर कुलूप खुंटीच्या वरच्या अंगाला आपटले. मी घाबरलो, वाटले सगळे बिघडले. नीट पाहिले तर खांबावर रंगाचा जुना ठसा दिसत होता, खुंटी पंधरा वर्षे जिथे बसलेली होती तिथे. स्क्रू सोडले, खुंटी त्या ठशावर नेली, आवळली. दार दोन बोटांनी लोटले आणि ते लागले. आधी एक बारीक 'टिक्', मग 'टक्'. दोन्ही टप्पे ऐकू आले. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "भाऊजी, हा आवाज यांच्या वेळचा."

दार सगळीकडून सारखे बसले का ते पाहायला वर्तमानपत्राची पट्टी घ्यावी. दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. सारखा जोर लागला तर रबर सगळीकडे टेकले. जिथे पट्टी अलगद निघते तिथे फट आहे. आमच्या वरच्या कोपऱ्यात ती अलगद निघाली, कारण उतरलेल्या दाराने तिथले रबर कातरले होते. ते बदलले. मग मुलीने तांब्या-तांब्याने दारावर पाणी ओतले आणि मी आत बसून पाहिले. तिला हे काम फार आवडले.

एवढे झाल्यावर मी हात पुसत आईपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटले, "चल, चक्कर मारून येऊ. आता दार धरलंस तरी काही होत नाही."

ती म्हणाली, "पुन्हा झिजंल ना ते?"

मी गप्प झालो. कारण झिजणारच. पितळी बुश असो की सोन्याचा, २० किलोचे ६० होणे थांबत नाही. मी दिवसभर बिजागरीचा हिशेब करत होतो आणि दाराकडून दाराचे नसलेले काम आपण करून घेतो आहोत, हे हिशेबात धरलेच नव्हते. गाडी उंच आहे, धरायला दुसरे काही नाही, मग माणूस काय धरणार? 'धरू नये' असे लिहिल्याने गुडघा दुखायचा थांबत नाही.

मी म्हटले, "मग काय करायचं?"

"दवाखान्यात त्या उंच पलंगाला कशी पायरी असते? एका अंगाला उभा दांडा असतो बघ. दांडा धरायचा, पायरीवर चढायचं, पाठमोरं व्हायचं आणि बसायचं. मग पाय आत घ्यायचे. ती बाई मला तसंच बसवती. तसली पायरी कर की." आणि थोडे थांबून, "मला वाटलं तुला सुचंल."

वर्षभर माझ्याबरोबर ती दवाखान्यात जात होती. त्या पलंगाजवळ मीच तिचा हात धरून उभा असायचो. मला सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर वेल्डिंगवाल्याकडे गेलो. चौकोनी नळीची चौकट, वर खडबडीत पत्रा, २२ सेंटिमीटर उंचीची पायरी, आणि एका बाजूला कमरेएवढा उभा दांडा. पाय बाहेरच्या अंगाला थोडे फाकवून घेतले, नाहीतर दांड्यावर भार पडला की पायरी कलंडते. खाली रबरी बूट बसवले. नऊशे रुपये झाले. दांडा काढता येतो, पायरी मागच्या सीटखाली आडवी राहते. बिजागरीला दोनशे आणि पायरीला नऊशे. खर्चाची वही लिहिताना मी हे दोन्ही एकाच सदरात मांडले.

कागद काढताना त्रास झाला. डिंक पक्का होता. रॉकेल लावून, ब्लेडने खरवडून निघाला, पण 'धरून'मधला 'ध' आणि वरची रेघ बरेच दिवस तिथेच होती. मी काढतो आहे हे आई दारात उभी राहून पाहत होती. मी मान वर केली नाही. तीही काही बोलली नाही, आत जाऊन चहा ठेवला.

पुढच्या मंगळवारी व्यायामाची तारीख होती. पायरी ठेवली, दांडा बसवला. आईने दांडा धरला, चढली, पाठमोरी झाली, बसली. उघडे दार वीतभर अंतरावर होते, त्याला तिने बोटही लावले नाही. मी दार लोटले. टिक्, टक्. सगळे मिळून एक मिनिटही लागले नाही. शेजारच्या आजी ओट्यावरून बघत होत्या. त्यांना पुढच्या महिन्यात मोतीबिंदूसाठी न्यायचे होते, त्यांनी तिथूनच विचारले, "ती पायरी माझ्या वक्ताला पण आणशील ना?"

आता ती पायरी वस्तीत फिरते. गाडी घरी असते आणि पायरी नसते असेही होते. रिक्षाला लावायला कोणी नेते, एकदा बाळंतिणीसाठी टेम्पोला लावली. खालच्या बिजागरीची पिन अजून बदलायची आहे, तुपाच्या डब्याची पट्टीच तिथे काम करते आहे. मामा दर वेळी भेटले की विचारतात. गेल्या पंधरवड्यात आईला घेऊन निघालो आणि पायरी दवाखान्याच्या फाटकापाशीच राहिली. अर्ध्या वाटेवर आईलाच आठवले. गाडी वळवली आणि चार किलोमीटर मागे गेलो. रखवालदाराने ती उचलून आपल्या खुर्चीजवळ ठेवली होती आणि तिच्यावर पाय टेकून निवांत बसला होता.